दाराआडची उत्तरं

त्या वर्षी पुण्यातलं आमचं दैनिक बंद पडलं. बंद पडल्याची बातमी शेवटच्या अंकात मीच लिहिली. ती अकरा ओळींची होती. त्यानंतरचे काही महिने मी चिंचवडला घरी होतो. मराठी लघुलेखन येणारी माणसं तेव्हा थोडी होती, म्हणून पुण्याच्या एका प्राध्यापकांनी कोणाकडून तरी पत्ता मिळवून मला निरोप पाठवला. काम साधं होतं. ते लोकांना प्रश्न विचारणार आणि लोक जे बोलतील ते शब्द न गाळता, न सुधारता मी उतरवायचं. सभा आणि कोर्ट यांची टिपणं आठ वर्षं घेतली होती. हे त्याहून अवघड नसेल असं वाटलं.

प्राध्यापक परदेशात शिकून आले होते. अंगावरून वारं गेल्यावर माणसाची भाषा जाते म्हणजे नेमकं काय जातं, हा त्यांचा विषय. शब्द जातात, की शब्द आठवण्याची वाट जाते, असं ते विचारत. त्यांच्याकडच्या पुस्तकांत जी उदाहरणं होती ती सगळी शिकलेल्या माणसांची होती. वकील, कारकून, एक धर्मोपदेशक. ज्यानं आयुष्यात अक्षर गिरवलं नाही त्याची भाषा मेंदूत कशी राहते हे कोणी नीट पाहिलेलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी त्यांना खेड्यातला रोगी हवा होता. चाकणच्या दवाखान्यातून त्यांना एक पत्ता मिळाला.

गाव इंद्रायणी ओलांडल्यावर, चाकणच्या अलीकडे, नाशिक रस्त्यापासून मैलभर आत होतं. प्राध्यापक पुण्याहून एसटीनं फाट्यावर उतरत. मी चिंचवडहून भोसरी, मोशी करत सायकलनं जाई आणि फाट्यावरच्या लिंबाखाली त्यांची वाट बघत थांबे. त्यांच्या हातात लाकडी पेटी असे. पेटीत किल्ली, कात्री, फणी, चमचा, सुई-दोरा, खिशातलं घड्याळ, काही चित्रं आणि सेकंद मोजायचं एक वेगळं घड्याळ.

रोगी म्हणजे तिशीच्या आतबाहेरची एक बाई. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बाळंतपणात मूल गेलं आणि आठवड्याच्या आत हिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात अर्धा सुधारला, बोलणं गेलं. पहिली मुलगी चार वर्षांची होती. सासू नव्हती. नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला होता. तिथंच चौघांत एक खोली घेऊन राही आणि सुट्टीला सायकलनं घरी येई. घरात रोजची माणसं तीन. ही बाई, तिची मुलगी आणि सासरा.

सासऱ्यानं आम्हाला ओसरीवर घोंगडी अंथरून दिली आणि स्वतः भिंतीला टेकून बसला. पानाची चंची सोडली. सून आतल्या दाराआड उभी होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, दिसत होता तो डावा हात आणि साडीचा काठ.

"काय इचारायचं ते हितंच इचारा, डाक्टरसाहेब," सासरा म्हणाला. "घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. म्या बसतो."

प्राध्यापकांना हे बरंच वाटलं. परक्या पुरुषांनी बाईशी एकटं बसणं त्यांनाही प्रशस्त वाटलं नसतं. आपण औषध देणारे डॉक्टर नव्हे, हे त्यांनी त्या दिवशी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

छापील तक्ता होता. डावीकडे प्रश्न, मध्ये उत्तर, उजवीकडे लागलेला वेळ. प्राध्यापक एकेक वस्तू उंबऱ्याजवळ ठेवत, "हे काय आहे?" म्हणून विचारत आणि घड्याळाचा खटका दाबत. आतून काही येत नसे. कधी श्वास येई. मग ते माझ्याकडे बघत आणि मी मधल्या रकान्यात "उ. ना." लिही. उत्तर नाही. फणीला तिनं ओठ हलवले असं प्राध्यापकांना वाटलं. मला काही ऐकू आलं नव्हतं, म्हणून तिथंही उ. ना. वारांची नावं विचारली तेव्हा "सोम" एवढं कुजबुजल्यासारखं आलं. ते मी लिहिलं.

मध्येच प्राध्यापकांनी सासऱ्याला विचारलं, "ही कधी शिव्या देते का?"

सासऱ्याचा अडकित्ता थांबला. "आमच्या घरात बायका शिव्या देत न्हाईत."

"तसं नव्हे. भाषा गेली तरी शिव्या मागं राहतात. गाणी राहतात, आकडे राहतात. ते मेंदूत वेगळ्या तऱ्हेनं साठवलेलं असतं."

"असंल. आमच्यात न्हाई."

असे चार फेरे झाले. चौथ्या दिवशी रकाना जवळजवळ पूर्ण उ. ना. नं भरला होता. प्राध्यापकांनी पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या एका वैद्याला द्यायला चिठ्ठी सांगितली आणि मी ती स्वच्छ अक्षरात लिहिली. बोलण्याची शक्ती जवळजवळ नाही, बोललेलं समजतं की नाही याविषयी शंका आहे, सुधारणा होईल असं दिसत नाही. खाली त्यांची सही. सासऱ्यानं त्याची एक प्रत मागितली. दाखवायला लागेल म्हणाला. वैद्याला दाखवायला, असं आम्ही समजलो. मी दुसरी प्रत केली.

आठवडाभरानं प्राध्यापकांचं पोस्टकार्ड आलं. पेटीतली किल्ली सापडत नव्हती, आणि ती नुसती चाचणीची वस्तू नव्हती, त्यांच्या पुस्तकांच्या कपाटाची होती. मी सायकल काढली.

तो चाकणच्या बाजाराचा दिवस होता. सासरा बैलगाडी जुंपून गेला होता. हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर बहुधा गेलो नसतो. अंगणात शेजारची म्हातारी आणि ती बाई समोरासमोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. बाईचा पदर खांद्यावर होता. उजव्या हातात शेंग धरून डाव्या हातानं ती दाबत होती, आणि बोलत होती.

मी फाटकाशीच थांबलो. बोलणं अखंड नव्हतं. शब्द येई, अडे, वळसा घेई, पुन्हा येई. पण ते बोलणं होतं. म्हातारी मधूनमधून "व्हय" म्हणत होती, जसं कोणीही कोणाला म्हणतं.

मला पाहिल्यावर बाई उठली. मी कशाला आलो हे सांगायच्या आधी ती आत गेली, कोनाड्यातून चिंधीत बांधलेलं काहीतरी घेऊन आली आणि माझ्यासमोर धरलं.

"तुमचं... ह्ये..." ती थांबली. डोळे मिटले. "कुलपाचं. ऱ्हायलं. म्या... ठिवलं."

किल्ली हा शब्द तिला आला नाही. बाकी सगळं आलं. वस्तू कोणाची, कशाची, कशी राहिली, कोणी ठेवली.

"तुम्हाला बोलता येतं?" मी विचारलं. इतक्या वर्षांनंतरही हा प्रश्न मला मूर्खपणाचा वाटतो.

म्हातारी हसायला लागली. "बोलती की. अडखळती, पर बोलती. कालच म्हशीला काय काय म्हनली, तुमच्या डाक्टरला सांगू व्हय?"

"मग चार दिवस आम्ही विचारत होतो तेव्हा?"

"अवो दादा," म्हातारी म्हणाली, "सासरा म्होरं बसल्याला. सून कवा सासऱ्याम्होरं तोंड उघडती? तुमच्यात उघडत्यात का?"

आमच्यातही उघडत नसत. आजोबा ओसरीवर असले की आई स्वयंपाकघरातून बोलायची नाही. भांडं आपटून कळवायची. पाणी हवं का, जेवायला वाढू का, हे सगळं त्या आवाजांत असे. मी त्या घरात वाढलो होतो. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण माझं काम बोललेलं लिहून घेण्याचं होतं आणि जे बोललं गेलं नाही त्याचा विचार करण्याची मला सवय नव्हती. सभेत जो बोलत नाही त्याचं नाव बातमीत येत नाही. लघुलेखनात गप्प राहण्याला खूण नाही.

"येवढं शिकल्यालं," म्हातारी शेंगा फोडत म्हणाली, "अन् येवढं कळंना."

बाई हसली नाही. ती माझ्या खिशातल्या वहीकडे बघत होती.

"कागद," ती म्हणाली. "माजा. काय... लिवलंय?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या बाजूनंही एक उ. ना. झालं. मग म्हातारीनंच सांगितलं. सासरा तो कागद घेऊन मुलासाठी दुसरी बघायला जुन्नरकडे जाऊन आला होता. पहिली बायको असताना दुसरी करायला आता कायद्यानं बंदी होती. पण बायको कामातून गेल्याचा डॉक्टरचा कागद असला म्हणजे चालतं, असा गावात समज होता. खरं-खोटं कोणी विचारलं नव्हतं. शेंगांचं काम उरकलं की जुन्नरची माणसं घर बघायला येणार होती. हिला माहेरी धाडायचं. मुलगी इथंच ठेवायची.

"पोरगी," बाई म्हणाली. पुढचा शब्द शोधायला तिला वेळ लागला. मी वही काढली होती आणि त्या वेळासाठी काही खूण नसल्यानं नुसते ठिपके देत होतो. एका श्वासाला एक ठिपका. सात ठिपके झाले. "न्हाई देत."

पुण्याला घरी प्राध्यापकांनी किल्ली घेतली, ठिपके पाहिले आणि आधी हरकत घेतली. साक्षीदार नाही, वेळ मोजलेला नाही, प्रश्न ठरलेले नाहीत. अशा टिपणाला किंमत नाही. ते खरंच होतं. मी ते मान्य केलं आणि मग जुन्नरचं सांगितलं. ते बराच वेळ कपाटाचं कुलूप उघडत राहिले. तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नीनं कडी वाजवली. चहा झाला होता. प्राध्यापक उठून दारापर्यंत गेले, कप घेतले, परत आले.

"चार दिवस," ते म्हणाले, "मी तो माणूस समोर बसवला. आणि तो बसला म्हणून त्याचे आभार मानले."

चाचणी पुन्हा घ्यायची होती आणि त्यासाठी नवरा लागणार होता. मी पिंपरीला कारखान्याच्या दाराशी शिफ्ट सुटायच्या वेळी उभा राहिलो. तो सायकल हातात धरून बाहेर आला. सडपातळ, बोलण्याआधी खाली बघणारा.

"कागद तुमच्या हातचा?" त्यानं विचारलं.

"हो."

"अक्षर चांगलं हाय."

आम्ही रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेलो. ती बोलते हे त्याला ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशी, वडील झोपल्यावर किंवा शेतावर गेल्यावर, ती त्याच्याशी बोलत असे. मग वडिलांना सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"आबांसमोर मी तिच्याशी बोलत न्हाई," तो म्हणाला. "मंग तिच्याबद्दल कसा बोलू? तुमी बोलता का?"

मी अविवाहित होतो. तेवढंच सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. "मंग तुमाला काय सांगावं, राव."

शेवटी त्यानं ठरवलं. पुढच्या सुट्टीला तो वडिलांना वावरात नेणार, कांद्याची रोपं बघायला. तेवढ्या वेळात आम्ही उरकायचं. प्राध्यापकांनी एक अट घातली: नंतर वडिलांना सगळं सांगायचं, आणि ते प्राध्यापकच सांगतील.

त्या दिवशी दाराआड कोणी नव्हतं. बाई ओसरीच्या कडेला बसली, शेजारी म्हातारी शेंगांचं सूप घेऊन. प्राध्यापकांनी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारले. फणीला तिनं लगेच "फणी" म्हटलं. कात्रीला "कापायचं", बोटांची खूण करून. घड्याळाला "टकटक" आणि मग, आम्ही पुढं गेल्यावर, मागून "घड्याळ". किल्लीला पुन्हा "कुलपाचं". वार गुरुवारपर्यंत आले, पुढं अडकले. सांगितलेलं सगळं तिला समजत होतं. तीन गोष्टी एकदम सांगितल्या तरी तिनं त्या क्रमानं केल्या. घरातल्यांची नावं विचारल्यावर तिनं मुलीचं नाव घेतलं, दोन्ही बैलांचं घेतलं, म्हशीचं घेतलं आणि थांबली.

"नवऱ्याचं?" प्राध्यापकांनी विचारलं.

"ते म्या सांगते," म्हातारी म्हणाली. "तिला कशाला इचारता? शहाणी हाय ती."

प्राध्यापकांनी पेन्सिलीनं तो प्रश्नच तक्त्यातून खोडला. पहिल्या चार फेऱ्यांतही तो होता, आणि तिथं त्यांनी उ. ना. च्या पुढं 'स्मृती?' असं लिहिलेलं होतं.

दोघं वावरातून परतले तेव्हा मी नवी चिठ्ठी लिहून संपवत होतो. सुनेनं पदर ओढला आणि आत गेली. सासरा घोंगडीवर बसला. प्राध्यापकांनी उभं राहूनच सांगितलं, काही न लपवता. पहिला कागद चुकीचा आहे, चूक माझी आहे, तो परत द्या. हा नवा घ्या.

सासऱ्यानं नवा कागद घेतला. वाचता येत नव्हतं, पण त्यानं तो नीट पाहिला. आत जाऊन स्वतःच्या पेटीतला जुना आणला आणि दोन्ही शेजारी धरले.

"अक्षर तर येकच हाय," तो म्हणाला. माझ्याकडे वळला. "पयलं बी तूच लिवलं, दुसरं बी तूच. खोटं कवा लिवलंस?"

"पहिल्या वेळी मला ऐकू आलं नव्हतं."

"बहिरा हाईस व्हय?"

"ती बोलली नव्हती."

"का न्हाई बोलली? म्या तिचं तोंड धरलं व्हतं?"

मग नवरा बोलला. तो जमिनीकडे बघत होता आणि आवाज इतका खाली होता की मला पुढं वाकावं लागलं. "आबा, धडधाकट व्हती तवा तरी ती तुमच्याम्होरं कवा बोलली?"

"न्हाई बोलली. सून हाय. त्यात वंगाळ काय?"

"वंगाळ न्हाई. पर तेच धरून तुमी तिला कामातून गेली म्हनता."

सासऱ्यानं दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांची घडी घातली. त्याला राग आला नव्हता. त्याचीही अडचण होती. घरात वयात आलेलं एकच बाईमाणूस, तिचा एक हात अर्धा, शेत कसायला मुलगा घरी नाही, आणि घराला नातू नाही. हे त्यानं सांगितलंही. "घर चालाया पायजे का नगं? दोन कागद हायती. मला ज्यो पटंल त्यो मी धरीन."

तेव्हा दाराआडून आवाज आला.

"मामंजी."

आम्ही चौघंही तिकडे वळलो, सासरा सोडून. तो समोर अंगणाकडे बघत राहिला.

"म्या..." बराच वेळ गेला. प्राध्यापकांच्या हातात सेकंदाचं घड्याळ होतं. त्यांनी खटका दाबला नाही. "म्या हाय. हितंच. कागद... द्या."

आवाज कापरा होता, पण कुजबुज नव्हती. म्हातारीनं हातातली शेंग खाली ठेवली. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून सून सासऱ्याशी पहिल्यांदा बोलली होती, आणि जे मागितलं होतं ते ऐकल्यावर तिला समजत नाही असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

सासरा उठला. दारापाशी गेला. आत बघितलं नाही. जुना कागद घडीतून वेगळा काढून त्यानं उंबऱ्यावर ठेवला, चपला पायात घातल्या आणि गोठ्याकडे निघून गेला. नवा त्यानं मुंडाशाच्या पटीत खोचला होता.

डावा हात बाहेर आला आणि त्यानं कागद उचलला. मग पदराआडूनच तो माझ्याकडे पुढं झाला.

"फाडा," ती म्हणाली. "तुमी... लिवलं."

मी तो फाडला. चार तुकडे केले. म्हातारी म्हणाली, अजून लहान करा, म्हणून अजून लहान केले.

जुन्नरची माणसं आली नाहीत. सासऱ्यानं निरोप धाडला की आमचं अजून काही ठरलेलं नाही. हे मला नवऱ्यानं पुढं कारखान्याच्या दाराशी सांगितलं. ती घरीच होती, मुलगीही. सासऱ्यासमोर ती पुन्हा बोलली का, असं मी विचारलं. "न्हाई," तो म्हणाला. "पर आबा आता घरात शिरताना खाकरतात. तिचं बोलनं चालू आसलं तर संपस्तोवर भाईर थांबत्यात."

कागद फाडला त्या दिवशी परतताना प्राध्यापकांसोबत फाट्यापर्यंत मी सायकल हातात धरून चाललो. एसटीला वेळ होता. लिंबाखाली ते पेटी मांडीवर घेऊन बसले.

"तो कागद मला फाइलला लावायचा होता," ते म्हणाले.

मी सायकल लिंबाला टेकवली.

"चुकलेला कागदच जास्त महत्त्वाचा असतो." मग पेन्सिल काढत, "मूळ तक्ते आहेत ना तुमच्याकडे?"

होते. त्यांनी ते मागून घेतले आणि पहिल्या चारही तक्त्यांच्या माथ्यावर, जिथं तारीख आणि जागा लिहायची, तिथं पेन्सिलीनं एक ओळ घातली: सासरे समोर बसलेले. चौथ्या तक्त्यावर ओळ लिहून होईपर्यंत एसटी दिसायला लागली होती.